पाटीवरचे हार

माझ्या कानांना एक खोड आहे. रस्त्यावरून गाडी गेली की मी हातातलं काम थांबवते आणि तिचा आवाज ऐकते. इंजिन मंदावलं का, गियर बदलला का, गाडी पुरती थांबली का, हे कळेपर्यंत माझा जीव जाग्यावर येत नाही. सून म्हणते, "आई, पार्सलवाला आहे." असेल बाई, पार्सलवालाच असेल. पण साठी उलटली तरी ही खोड जात नाही, कारण ती लागली तेव्हा मी तेरा वर्षांची होते आणि त्या आवाजावर माझ्या बापाचा जीव टांगलेला असायचा.

आमचा मळा भातकुलीच्या अंगाला होता आणि मळ्यातच आमचं घर. झेंडू, शेवंती, गलांडा, विहिरीच्या कडेनं निशिगंधाच्या चार ओळी, आणि घरापुरती वांगी, मिरच्या, आंबाडी. दुपारी तोडणी व्हायची आणि ऊन उतरलं की माय आणि मी ओसरीत हार ओवायला बसायचो. केळीचं सोपट पाण्यात भिजत घातलेलं असायचं, त्याचे दोरे काढून त्यात फुलं गुंफायची. घराला कायम त्या ओल्या सोपटाचा वास आणि त्यात चुलीवर शिजणाऱ्या आंबाडीचा आंबटपणा मिसळलेला. झेंडू हाताळून मायची बोटं पिवळी व्हायची, ती कितीही धुतली तरी भाकरीवर उमटायची. ज्वारीच्या पांढऱ्या भाकरीवर पिवळ्या बोटांचे ठसे. शाळेत डबा उघडला की पोरी हसायच्या आणि मी डब्याचं झाकण आडवं धरून जेवायचे. आता तशी भाकर कोणी वाढली तर मी पाया पडेन, पण ते असो.

मळ्यापासून हाक ऐकू जाईल इतक्या अंतरावर रेल्वेची एकेरी लाइन होती. आमच्या रस्त्याला ती आडवी जायची. तिथे फाटक नव्हतं, झोपडी नव्हती, माणूस नव्हता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना एकेक पिवळी पाटी होती आणि तिच्यावर काळ्या अक्षरात लिहिलं होतं: थांबा. आधी गाडी पाहा, मग रूळ ओलांडा. एका बाजूला रूळ सरळ दिसायचे. दुसऱ्या बाजूला मात्र उंचवटा फोडून लाइन काढलेली होती, वर बाभळी माजलेल्या, आणि त्या घळीतून निघणारी गाडी अगदी जवळ येईपर्यंत दिसायची नाही. दिवसाला चार गाड्या जायच्या. त्यांच्या वेळा बाबांना तोंडपाठ होत्या आणि त्या पाठांतरावर त्यांचा जेवढा भरवसा होता तेवढा माझा देवावरही नव्हता.

बाबा रोज फटफटतं तेव्हा तीनचाकी टेम्पोत माल भरून अमरावतीच्या फुलबाजारात जायचे. त्या टेम्पोचं इंजिन असं धडधडायचं की आत बसलेल्याला शेजारच्याचं बोलणं कळत नसे, मग रेल्वेची शिट्टी कुठली. मी अंथरुणात डोळे मिटून पडायचे आणि ऐकायचे. टेम्पो कुंपणाबाहेर पडला, वळला, लाइनीकडे गेला. आता मंदावेल, आता थांबेल. तो कधीच थांबायचा नाही. जरासा मंदावायचा, रुळांवर दोनदा खडखडायचा आणि पलीकडे निघून जायचा. तो दुसरा खडखडाट ऐकला की मी श्वास सोडायचे. माय चुलीपाशी असायची. भाकर थापणारा तिचा हात त्याच वेळी थांबायचा, हे मी पाहिलेलं आहे.

या लाइनीवरून रोज एक माणूस पायी जायचा. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात लाल आणि हिरवी झेंडी. रुळाला आवळून धरणाऱ्या लोखंडी चाव्या ढिल्या झाल्या का ते तो बघत जायचा, ढिली दिसली की ठोकायचा. आम्ही पोरं त्यांना चावीवाले मामा म्हणायचो. दुपारी ते आमच्या विहिरीवर पाणी प्यायला थांबायचे, मायनं दिलेली भाकर आणि ठेचा खायचे. पाट्यांची रंगरंगोटीही त्यांच्याच माथी होती. एका उन्हाळ्यात त्यांनी आमच्या बाजूची पाटी नव्यानं रंगवली आणि मला म्हणाले, "आता पाह्यजो तू गंमत. चार दिवस समदे थांबतीन."

मी खरंच पाहिलं. हार ओवायची टोपली घेऊन कुंपणाशी बसले. जो थांबला त्याच्या नावाचं एक फूल वाटीत, जो थांबला नाही त्याचं मांडीवर. पहिल्या दिवशी वाटी बरीचशी भरली. सायकलवालेसुद्धा पाय टेकवून पाटी वाचत होते, जणू त्यांनी ती आधी पाहिलीच नव्हती. तिसऱ्या दिवशी फुलं निम्मी निम्मी झाली. आठवड्यानं वाटीत दोन शेवंत्या आणि मांडीवर ढीग. मी मामांना विचारलं, पाटी तर तीच आहे, मग असं का?

"रोज दिसते म्हनून दिसत नाई मंग," मामा म्हणाले. "तुह्या घरातलं कॅलेंडर कोन्या देवाचं हाय, सांग बरं." मला सांगता आलं नाही. घरी येऊन पाहिलं तर गणपतीचं होतं.

आता आमच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. ओवलेला आणि न विकलेला हार आम्ही घरात परत आणत नसू. सुटी फुलं आणली तर चालायची, हार नाही. माय म्हणायची, हार होतो तो कोणाच्या तरी गळ्यासाठी. देवाच्या, नवरदेवाच्या नाहीतर मेलेल्या माणसाच्या. तो रिकामा घरात आला तर घरातला गळा शोधतो. हे ऐकून लहानपणी मी गळ्याला हात लावून झोपायचे. म्हणून दुपारी परतताना बाबा उरलेले हार रस्त्यातल्या एका कडुनिंबाला अडकवायचे. त्या पावसाळ्यात वादळात तो निंब पडला. दोन दिवस बाबा हार हातात धरून कुठं टाकावे या विचारात कुंपणाबाहेर उभे राहिले, पायदळी टाकायचे नाहीत ही आणखी एक अट होती. तेव्हा मी म्हटलं, "पाटीले अडकवा न बाबा."

बुद्धी माझीच. आज कबूल करायला लाज नाही, पण तेव्हा मला फार अभिमान वाटला होता. बाबांनी आमच्या बाजूच्या पाटीच्या दोन्ही कोपऱ्यांना हार अडकवले. दुसऱ्या दिवशी आणखी. महिन्याभरात पाटी दिसेनाशी झाली. ताजा झेंडू वर, वाळलेला खाली, आणि मधून कुठे तरी 'थांबा'तला एक काना. मग कोणीतरी खाली एक गोल दगड आणून ठेवला, कोणीतरी त्याला शेंदूर लावला. विचारलं तर जो तो म्हणायचा, आधीपासूनच आहे. आणि नवल असं की लोक थांबू लागले. सायकलवाले उतरायचे, लुनावाले पाय टेकवायचे, ट्रॅक्टरवालासुद्धा गियर काढायचा. चावीवाले मामा आधी चिडले. "पाटी झाकून टाकली तुमी लोकाइनं, सायेब आला तं माही नोकरी जाईन," असं म्हणत त्यांनी हार काढायला हात वर केला आणि शेंदूर पाहून खाली घेतला. पण थांबणारे दिसले तेव्हा तेही गप्प बसले. माझी वाटी पुन्हा भरू लागली होती. मी इतकी खूश होते की मांडीवरची फुलं मोजणंच सोडून दिलं.

मग एका सकाळी शाळेला जाताना मी पाटीजवळ उभी होते. एक दूधवाला आला, थांबला, लुनाचं हँडल सोडून त्यानं हात जोडले, डोळे मिटले, ओठ हलवले. डोळे उघडले आणि सरळ रुळांवर गेला. त्यानं डावीकडे पाहिलं नाही, उजवीकडे पाहिलं नाही. त्याच्या मागून आलेल्या बैलगाडीवाल्यानं तेच केलं. मी तिथेच उभी राहिले, शाळेची घंटा झाली तरी. सगळे थांबत होते, सगळे पाटीकडे पाहत होते, आणि रुळांकडे कोणीच पाहत नव्हतं. पूर्वी न थांबणारा माणूस निदान जाता जाता घळीकडे एक नजर टाकायचा. आता तीही गेली होती. नमस्कार झाला म्हणजे झालं.

त्या दिवसापासून मला टेम्पो थांबल्याचा आवाज नकोसा झाला. आधी न थांबण्याची भीती होती, आता थांबण्याची. टेम्पो पाटीपाशी थांबायचा, तितका वेळ मी मनात बाबांचे मिटलेले डोळे बघायचे, आणि मग तो खडखडाट. मी बाबांना सांगितलं. ते टायरला हवा मारत होते. म्हटलं, "बाबा, तुमी पाटीले पाह्यता, गाडीले नाई पाह्यत." ते हसले. "अवं, चार गाड्या हायेत अन् चाऱ्हीची येळ मले मालूम हाय. अन् आता तं ते पाटी बी आपल्याकडून हाय." मायला सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "देवाच्या कामात असं अशुभ बोलू नोको वं." तिच्या आवाजात भीती होती, आणि तिलाही ते दिसलं आहे हे मला कळलं.

दसरा आला. झेंडूवाल्यांचा दसरा म्हणजे काय सांगू. आठ दिवस घरात कोणी धड जेवत नाही, पाठ टेकत नाही, ओसरीत बसायला जागा नाही इतकी फुलं. आदल्या दिवशी दुपारी चावीवाले मामा विहिरीवर आले. भाकर न खाता उभ्या उभ्या मला म्हणाले, "उद्या सकायी खडीची गाडी हाय लाइनीवर. तिले टाइम नसते, हुकूम आला की निंघते. बापाले सांगजो, सोयीनं, पाहून जाय म्हना." मी पळत जाऊन बाबांना सांगितलं. त्यांच्या भोवती पोत्यांचा ढीग, हातात सुतळी, तोंडात सुई. त्यांनी मान हलवली. मी पुन्हा सांगितलं. ते म्हणाले, "आयकलं न. पाटी हाय आपली."

ऊन उतरल्यावर मी शेळीला पाला आणते म्हणून बाहेर पडले. पाटीपाशी गेले. पहिला हार निघेचना, गाठीवर गाठ बसलेली. शेवटी कोयतीनं कापला. मग दुसरा, मग सगळे. वाळलेली फुलं अंगावर भुरभुरत होती आणि मी मोठ्यानं रडत होते, कारण शेंदूर लावलेल्या ठिकाणचे हार काढणारीचं काय होतं हे मला मायनं पुष्कळदा सांगितलेलं होतं. हार पायदळी येऊ नयेत म्हणून बाभळीखालच्या नालीत ठेवले, वर पाला टाकला. दगड तेवढा हलवायची हिंमत झाली नाही. ओढणी थुंकीनं ओली करून पाटी पुसली. अक्षरं तशीच होती.

दसऱ्याच्या सकाळी बाजारात हाताखाली लागते म्हणून बाबांनी मला सोबत घेतलं. मी मागे पोत्यांवर, आडवी होऊन. उजाडू लागलं होतं. टेम्पो पाटीपाशी आला, मंदावला, थांबला. बाबांनी सवयीनं हँडलवरून दोन्ही हात उचलले आणि ते छातीपर्यंत येऊन तसेच राहिले. समोर नुसती पिवळी पाटी होती. "कोनं केलं हे," ते म्हणाले, आणि टेम्पो तसाच धडधडत ठेवून खाली उतरले. पाटीजवळ गेले, तिच्यावर हात फिरवला. मग नालीत डोकावले. रूळ त्यांच्या पाठीमागे चार पावलांवर होते.

इंजिन मला आधी दिसलं, ऐकू नंतर आलं. ते घळीतून निघालं आणि लगेच आमच्यासमोर होतं. त्याच्यामागे खडीचे डबे, एकामागून एक, संपता संपेनात. माझ्याखालची फुलं थरथरत होती. आणि मी ओरडले नाही. हे मी आजवर फार थोड्या लोकांना सांगितलं आहे. बाप रुळांजवळ पाठ करून उभा होता, तो चार पावलं मागे सरकला असता, आणि माझ्या तोंडून आवाज निघाला नाही. तोंड उघडलं होतं, पण आवाजच आला नाही. बाबा आवाजानं वळले आणि पाटीचा खांब धरून उभे राहिले. शेवटचा डबा गेल्यावर खूप धूळ उडाली. ती बसेपर्यंत आम्ही दोघंही हललो नाही. मग ते येऊन हँडलपाशी बसले. त्यांना गियर सापडेना.

त्या दिवशी सगळा माल विकला गेला. घरी आल्यावर बाबांनी टोपी काढली आणि मायला सांगितलं, "आज मले पाटीनं वाचवलं. आपल्या आंगावरचे हार तिनं सोताच उतरवून टाकले, मी थांबावं म्हनून." मायनं पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या सकाळी दोघांनी मिळून झेंडूचा असा हार ओवला की तो उचलायला दोन माणसं लागली. शेजारच्या मळ्यातले लोक नारळ घेऊन आले. मी सगळ्यांच्या मागून चालत होते आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब चालला होता. आता बाबा आणखी जास्त वेळ डोळे मिटतील. आता सगळेच मिटतील. मी काल वाचवलेला बाप उद्या त्याच जागी जाणार, आणि तोही माझ्याच गप्प बसण्यानं.

बाबांनी हार वर उचलला तेव्हा मी म्हटलं, "बाबा, हार म्या काढले."

कोणी ऐकलं नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "परवा सांजच्याले म्या काढले. कोयतीनं कापले. तुमी पाटीले पाहून डोये मिटता अन् गाडीले पाह्यत नाई, म्हनून काढले. पाटीनं काई नाई केलं."

शेजारच्या एका बाईनं तोंडावर हात ठेवला. मायचा चेहरा पांढराफटक पडला. बाबांनी हार खाली केला आणि माझ्याकडे पाहत राहिले. मला वाटलं आता थप्पड बसणार, आणि मी गाल पुढे करून उभी राहिले, ती बसली असती तर बरं वाटलं असतं. पण ते घळीकडे पाहायला लागले. पुष्कळ वेळ पाहिलं. मग मला म्हणाले, "गाडी आली तवा तू ओरडली काहून नाई?"

"आवाज नाई निंघाला."

त्यांनी मान हलवली. तो मोठा हार त्यांनी बंधाऱ्यावर नेऊन पाण्यात सोडला, आणि पुढे उरलेले हार तिथेच जाऊ लागले. लोक कुरकुरले, शेंदराचा दगड बरेच दिवस तिथे होता, मग कोणीतरी तो कुठल्याशा ओट्यावर नेला. चावीवाल्या मामांनी पाटी पुन्हा रंगवली आणि जाताना मला एक चिंचेची गोळी दिली. बाबांनी त्याच संध्याकाळी फर्मान काढलं. "उद्यापासून तू उतरशीन. पलीकडे पायी जाशीन, दोनी बाजू पाह्यशीन. अन् आवाज नसन निंघत तं हात वर करजो. हात वर झाल्याबिगर मी हालनार नाई."

तेव्हापासून लग्न होऊन अकोल्याला येईपर्यंत मी रोज फटफटताना रुळांवर उभी राहिले. आधी मोकळी बाजू, मग घळ, मग पुन्हा मोकळी बाजू. कानाला काही कळत नसे म्हणून वाकून रुळावर तळहात टेकवायचे. हात वर करताना दर वेळी वाटायचं की चुकलं, आपल्याला दिसलं नाही, आपल्या हातानं बाप मारला. एखाद्या दिवशी मी दोन दोनदा पाहून हात वर करायचे नाही, बाजाराची वेळ टळत असायची, आणि बाबा धडधडत्या टेम्पोत शांत बसून असायचे. त्यांनी एकदाही हॉर्न वाजवला नाही. मी काही शूर झाले नाही. भीती होती तेवढीच राहिली, फक्त तिला एक काम मिळालं.

चार वर्षांपूर्वी बाबांना दवाखान्यासाठी अकोल्याला आणलं होतं. ऐंशी पार झालेले, ऐकू जवळजवळ येत नव्हतं, माणसं ओळखण्यातही गोंधळ व्हायचा. मळा पाहायचा म्हणून हट्ट धरला, तेव्हा माझ्या मुलानं गाडी काढली. अमरावतीची कामं आटोपून आम्ही त्या जुन्या रस्त्याला लागलो. लाइन केव्हाच बंद झालेली. रूळ मातीत अर्धे बुडालेले, मधून रुई उगवलेली, पाटी गेलेली, खांब तेवढा वाकून उभा. बाबा मागे माझ्याशेजारी झोपल्यासारखे बसले होते. एकदम त्यांनी मुलाच्या खांद्यावर थाप मारली. "थांबव."

"आजोबा, इथून गाडी जाऊन वर्षं झाली," मुलगा म्हणाला. त्यांना ऐकू गेलं नसावं. ते दार उघडून काठी टेकत उतरले. मी उठायला गेले तर त्यांनी हातानंच मला बस म्हणून खुणावलं. एकेक पाऊल टाकत ते रुळांच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मोकळ्या बाजूला पाहिलं. मग घळीकडे वळले आणि पाहतच राहिले. बाभळी अजून तशाच होत्या. मुलानं गाडी सुरू केली आणि हळूच पुढे घ्यायला लागला. मी मागून त्याचा दंड धरला. "थांब. हात वर झाला नाही अजून."

बाबांनी पुन्हा मोकळी बाजू पाहिली. मग काठी डाव्या हातात घेतली, उजवा हात वर केला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मुलाला म्हटलं, आता चल.